तालीम आणि शिक्षा

चौदा-पंधरा वर्षांचे एखादे मूल रात्रीच्या जेवणाच्या वेळी जाहीर करते, की उद्यापासून आपण पहाटे उठून धावायला जाणार. भात बंद, साखर बंद. आणि वार्षिक परीक्षेच्या आत आठ किलो वजन उतरवणार. घरातील सर्वांना बरे वाटते. आई गजर लावून ठेवते, वडील नवे बूट घेऊन देण्याचे कबूल करतात, आजी तेवढी ‘वाढत्या वयात भात कसा सोडायचा गं?’ म्हणून पुटपुटते. मूल आळस झटकते आहे, मोबाइल बाजूला ठेवते आहे, ह्यात वाईट ते काय असणार? आम्हालाही ह्यात वाईट काही दिसत नाही. तरीही ह्या निश्चयाच्या पोटात एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो डॉक्टरांच्या हाती सोपवून मोकळे होता येईल असा नाही. हे मूल धावणार आहे ते कशाकडे, आणि कशापासून? आपल्या देहाला ते काही देऊ पाहते आहे, की त्याच्याकडून काही वसूल करू पाहते आहे?

बाहेरून पाहता दोन्ही धावणी सारखीच दिसतात. होम मैदानाला फेऱ्या घालणाऱ्या किंवा संभाजी तलावाच्या काठाने घामाघूम होऊन जाणाऱ्या दोन मुलांतील कोणते मूल कोणत्या प्रकारचे, हे काठावरून ओळखता येत नाही. म्हणूनच घरातल्या माणसांनी ते ओळखण्याची गरज अधिक.

मराठीत लठ्ठ होण्याला ‘सुटणे’ म्हणतात. शब्द मोठा बोलका आहे. जणू काही बांधून ठेवलेले होते ते निसटले, कोणाच्या तरी हातातला लगाम ढिला पडला! ‘काय गं, किती सुटलीस!’ हे वाक्य लग्नाच्या मांडवात, बारशाला, नाताळच्या भेटीगाठींत, मिस्सेनंतर चर्चच्या पायऱ्यांवर आत्या-मावश्या अगदी प्रेमाने उच्चारतात, आणि लगोलग करंज्यांची बशीही पुढे करतात. बोलणारीच्या मनात काही नसते. ऐकणारी मात्र ते वाक्य घरी नेते, आरशापुढे पुन्हा एकदा म्हणून पाहते. मुलाला वर्गात ‘ढब्बू’ हे नाव पडते आणि शाळा सुटल्यावरही ते सुटत नाही. पंधराव्या वर्षी वजन कमी करण्याचा निश्चय एकांतात, स्वतंत्र बुद्धीने, आरोग्याचा साकल्याने विचार करून झाला असेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. बहुतेक वेळा तो निश्चय दुसऱ्यांच्या डोळ्यांतून मुलाच्या मनात उतरलेला असतो, आणि आता त्या डोळ्यांच्या जोडीला मोबाइलच्या पडद्यावरील हजारो अनोळखी, घोटीव देहही आले आहेत.

लाज ही सर्वथा वाईट गोष्ट आहे, असे आम्ही म्हणत नाही. चोरी केल्याची लाज वाटावी, दुबळ्याला मारल्याची वाटावी. अशी लाज माणसाला परत माणसांत आणते. परंतु केलेल्या कृत्याची लाज आणि असल्याची लाज ह्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कृत्य मागे टाकता येते, त्याची भरपाई करता येते. देह मागे टाकून कोणी कोठे जायचे?

येथे सोलापूरविषयी थोडे लिहिले पाहिजे. ह्या शहराला कष्टणारे देह नवीन नाहीत. १८७०च्या दशकात येथे पहिली कापडगिरणी निघाली, तिलाच पुढे ‘जुनी मिल’ हे नाव पडले. मागोमाग आणखी गिरण्या आल्या, हातमाग आणि यंत्रमाग आले, आणि भोंग्यावर उठणाऱ्या, भोंग्यावर जेवणाऱ्या माणसांचे हे गाव झाले. त्या माणसांना कोणी ‘व्यायाम करा’ म्हटले असते तर त्यांनी हसून पाहिले असते. पाळीला चालत जायचे, आठ तास उभे राहायचे, चालत परत यायचे. कडक भाकरी आणि शेंगांची चटणी ह्यांतले तेल-दाणे अंगात कोठे जिरत हे विचारण्याची वेळच येत नसे. त्यांच्या श्रमाचे प्रयोजन देहाच्या बाहेर होते: कापड, मजुरी, चूल. आपल्या देहाकडे पाहत बसायला त्यांना उसंत नव्हती, ही काही गौरवाने सांगण्यासारखी गोष्ट नाही. तंतू फुप्फुसात साठत होते तेव्हाही त्यांनी देहाकडे पाहिले नाही. आणि विड्या वळणाऱ्या बायका तर आजही दिवसदिवस मांडी घालून एका जागी बसलेल्या असतात. त्यांच्या श्रमाने पाठ मोडते, पण व्यायाम घडत नाही.

आता गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. त्या घरांतील नातवंडे सकाळी रिक्षाने शाळेत, दुपारी क्लासला, संध्याकाळी दुसऱ्या क्लासला जातात. दहावीच्या वर्षी शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला देऊन टाकावा, ह्यावर शिक्षक आणि पालक ह्यांचे जितके पटकन एकमत होते, तितके दुसऱ्या कशावरही होत नाही. मुलाच्या अंगावर जी चरबी चढते, ती बव्हंशी आपण मोठ्यांनी आखलेल्या वेळापत्रकाची असते. वेळापत्रक आमचे, आणि लाज मात्र त्याची; हा व्यवहार न्यायाचा नाही.

पूर्वी व्यायामाला निराळी जागा होती, तिचे नाव तालीम. सोलापुरात पेठेपेठेतून तालमी होत्या. आज त्यांतील काहींची नावे उत्सवांच्या मिरवणुकींतच अधिक ऐकू येतात. ‘तालीम’ हा शब्द अरबी भाषेतून आला, आणि मुळात त्याचा अर्थ आहे शिकवण, शिक्षण. मराठीने तो दोन ठिकाणी नेऊन ठेवला: पैलवानाच्या लाल मातीत आणि नाटकाच्या सरावात. दोन्हीकडे वस्ताद असतो, दोन्हीकडे चुकायला मोकळीक असते, आणि दोन्हीकडे शिकणारा एकटा नसतो. ह्याउलट ‘शिक्षा’ ह्या शब्दाचे झाले. संस्कृतात त्याचा अर्थ शिकणे असा आहे, शेजारच्या हिंदीत तो अजूनही शिक्षणच आहे. मराठीत मात्र त्याला छडीचा वास लागला. आमच्या मते, वजनासाठी व्यायाम आरंभणाऱ्या मुलाच्या बाबतीत विचारण्याचा प्रश्न एवढाच आहे, की घरातून निघाले ते तालमीला निघाले आहे, की शिक्षा भोगायला?

तालमीतही वजनाला महत्त्व असतेच, असे कोणी म्हणेल. असते, पण कशासाठी, ते पाहावे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात उतरले आणि सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत ते त्याहून वरच्या, बँटमवेट गटात लढले आणि स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक घेऊन आले. त्यांच्या बाबतीत वजन म्हणजे कोणाशी लढायचे ते ठरवणारी एक सोय होती. माणसाची किंमत सांगण्याचे काम त्या काट्याकडे नव्हते. पण ही सोयसुद्धा किती क्रूर होऊ शकते, हे ऑगस्ट २०२४मध्ये पॅरिसला सर्वांनी पाहिले. विनेश फोगाट आदल्या दिवशी तीन कुस्त्या जिंकून अंतिम फेरीत पोहोचली होती. रात्रभर घाम गाळून, केस कापूनही सकाळी ५० किलोंच्या गटात तिचे वजन १०० ग्रॅम अधिक भरले आणि ती स्पर्धेतून बाद झाली. नियम नियमाच्या जागी योग्यच असेल. मूठभर शेंगदाण्यांएवढ्या त्या वजनावरून विनेश कमी प्रतीची पैलवान ठरली, असे मात्र कोणीही शहाण्या माणसाने म्हटले नाही. मग आपल्या घरातील नववीच्या मुलीला आपण काट्यावरून उतरताना काय म्हणतो?

औंध संस्थानाचे उदाहरण ह्या संदर्भात आठवते. त्या संस्थानाचा आटपाडीकडचा मुलूख आपल्या सांगोल्याच्या हद्दीला लागूनच होता. तेथील राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) चित्रकार होते, विद्येचे आश्रयदाते होते, आणि व्यायामाच्या बाबतीत तर त्यांना वेडच होते. तरुणपणी त्यांनी त्या काळी जगभर गाजलेल्या सँडो ह्या मल्लाची साधने आणून त्याच्या पद्धतीने शरीर कमावले. पुढे ते सूर्यनमस्काराकडे वळले, आणि आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी ते सक्तीचे केले. १९३८ साली लंडनमध्ये लुईस मॉर्गन ह्या पत्रकार बाईंनी संपादित केलेले त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले, तेव्हा राजेसाहेब सत्तरीला पोहोचले होते. सूर्यनमस्कार ख्रिस्ती मुलांनी घालावेत की नाही, हा वाद आपल्या घरांतून झालेला आहे आणि पुन्हाही होईल. त्यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आम्हाला मोलाची वाटते ती निराळीच गोष्ट. सँडोच्या साधनांपुढे माणूस एकटा उभा राहून आपले दंड न्याहाळतो. शाळेच्या पटांगणावर सर्वच मुलांनी एका वेळी, एका तालावर वाकायचे म्हटल्यावर लठ्ठ मुलाला ओळीतून बाहेर काढून वेगळे उभे करण्याचा प्रसंग येत नाही. सक्तीचे समर्थन आम्ही करणार नाही. पण ‘सर्वांनी, रोज, थोडे’ ह्या रीतीत एक दया आहे, आणि ‘तू जाड आहेस म्हणून तू’ ह्या रीतीत ती नाही.

शिक्षेचे पहिले लक्षण म्हणजे हिशोब. काल दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, म्हणून आज चाळीस मिनिटे जास्त धावायचे. वाढदिवसाला केक खाल्ला, म्हणून रात्री जेवायचे नाही. अन्न हा गुन्हा आणि धावणे हा दंड. असा हिशोब एकदा मनात सुरू झाला की तो मिटत नाही, कारण भूक रोज लागते आणि दंडाची थकबाकी रोज वाढते. ज्या मुलाला हा हिशोब जडला त्याला धावण्यातला आनंद कधीच कळत नाही: श्वासाची लय सापडल्याचा, थंडीत अंग तापल्याचा, काल न जमलेली फेरी आज जमल्याचा आनंद. दंड भरताना कोणाला आनंद होईल?

अन्नाच्या बाबतीत पाप म्हणून काही आहेच की, असे येथे आपल्यातील कोणी म्हणेल. धर्मशिक्षणात आपण सात मूलभूत पापांची यादी पाठ केलेली असते आणि तीत खादाडपणा असतो. पण थोरले पोप संत ग्रेगरी (कारकीर्द ५९० ते ६०४) ह्यांनी खादाडपणाचे जे पाच प्रकार सांगितले आणि ज्यांचा उल्लेख संत थॉमस अक्वायनस ह्यांनीही केला, ते पाहण्याजोगे आहेत. वेळेआधी खाणे, फार महागडे खाणे, फार खाणे, अधाशीपणे खाणे, आणि खाण्याचे फार चोचले करणे. ह्या पाचांत खाणाऱ्याच्या कमरेच्या घेराविषयी चकार शब्द नाही. खादाडपणा हा मनाच्या अन्नाशी असलेल्या संबंधाचा दोष आहे. काटकुळा माणूस खादाड असू शकतो आणि जाडजूड माणूस मिताहारी. सी. एस. लुईस ह्या इंग्रजी लेखकाने १९४२च्या आपल्या पुस्तकात, सैतानाच्या तोंडून, एका वृद्ध बाईचे चित्र काढले आहे: ती खाते अगदी थोडे, पण तो थोडका चहा आणि तो थोडका पाव अगदी तिच्या मनासारखा मिळावा म्हणून सगळे घर वेठीस धरते. सतत खाण्याचाच विचार करणारा जो पथ्यकरी माणूस आपण आज पाहतो, त्याला ह्या बाईच्या शेजारी बसवायला लुईसची हरकत नसावी.

लठ्ठपणा हा चारित्र्याचा आरसा नाही, ह्याला विज्ञानानेही पुष्टी दिली आहे, आणि ती आपल्या पुण्यातून. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघा मित्रांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात आपले छायाचित्र छापले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही तंतोतंत सारखा, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली तेव्हा युडकिन ह्यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक ह्यांची २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय देहात चरबी लपून बसते, असे डॉ. याज्ञिक ह्यांचे सांगणे आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांच्या आणि त्यांच्या बाळांच्या अभ्यासातून, १९९३पासून, त्यांना असे आढळले, की आपल्याकडचे नवजात बालक इंग्लंडमधील बालकाहून पुष्कळ हलके असते, सरासरी २.७ किलो, तर तिकडचे ३.५, पण कमी असते ते मुख्यतः मांस, चरबी तेवढी कमी नसते. म्हणजे ह्या गोष्टीची मुळे मुलाच्या जन्माआधी, आईच्या ताटात काय होते आणि काय नव्हते, तेथपर्यंत जातात. दुष्काळ सोसलेल्या ह्या जिल्ह्याला आईच्या रिकाम्या ताटाविषयी कोणी सांगायला नको. तिसऱ्या पिढीतल्या मुलाच्या पोटावरची वळी पाहून त्याला ‘आळशी’ म्हणणाऱ्याने एवढा मागचा पल्ला ध्यानात घ्यावा.

तरीसुद्धा, ‘मग असू द्या जसे आहे तसे’ हा निष्कर्ष आम्हाला मान्य नाही. मधुमेह आपल्या समाजात लवकर येतो, आणि देह ही सोपवलेली ठेव आहे, हे आपण मानतो. १९९२ साली प्रसिद्ध झालेला कॅथोलिक ख्रिस्तसभेचा श्रद्धाग्रंथ ह्या बाबतीत दोन्ही तोल सांभाळतो: देहाच्या जीवनाचा आदर करा, पण देहालाच दैवत करून त्याच्यासाठी सर्व काही ओवाळून टाकू नका. पंधरा वर्षांच्या मुलाला हा तोल कसा साधावा? मोठमोठ्यांना साधला नाही. येथे आम्हाला संत इग्नेशियस लोयोला ह्यांचे चरित्र सर्वांत उपयोगी वाटते.

१५२१ साली पांप्लोनाच्या वेढ्यात तोफेच्या गोळ्याने त्यांचा पाय मोडला. हाड जुळले, पण गुडघ्याखाली एक टेंगूळ राहिले. त्या काळच्या तंग, उंच बुटात ते शोभणार नाही एवढ्याच कारणासाठी ह्या तीस वर्षांच्या सरदाराने, भूल देण्याची सोय नसताना, ते हाड करवतून घेतले. दिसण्यासाठी माणूस किती सोसतो! मग मनाचा पालट झाला, आणि पुढच्या वर्षी मान्रेसा गावी तोच माणूस दुसऱ्या टोकाला गेला. पूर्वी केसांचा अभिमान होता म्हणून केस वाढू दिले, विंचरले नाहीत. नखे वाढू दिली. एकदा तर आठवडाभर अन्नाला शिवले नाहीत, शेवटी कबुली ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी आज्ञा केली तेव्हा उपवास सोडला. त्या काळात बिघडलेल्या पोटाने त्यांना आयुष्यभर छळले. ह्या दोन इग्नेशियसांत, नटवा आणि देहाचा वैरी ह्यांत, वरवर पाहता सर्वच विरुद्ध आहे. पण दोघेही देहावरच नजर खिळवून बसलेले आहेत. करवत तीच, फक्त कारण बदलले.

तिसरा इग्नेशियस पुढे घडला. त्यांनी आपल्या प्रार्थनापद्धतीला नावच ‘आत्मिक व्यायाम’ असे दिले, आणि प्रारंभीच खुलासा केला, की फिरणे, चालणे, धावणे हे जसे देहाचे व्यायाम, तसे हे आत्म्याचे. तपश्चर्येसाठी ख्रिस्तसभेने जो ग्रीक शब्द उचलला त्याचा मूळ अर्थही आखाड्यातला सराव असाच आहे, तेव्हा उपमा जुनीच. त्या ग्रंथाला १५४८ साली पोपची मान्यता मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांनी गांदियाचे ड्यूक फ्रान्सिस बोर्जा ह्यांना एक पत्र लिहिले. हे बोर्जा म्हणजे पुढे संतपदाला पोहोचलेले फ्रान्सिस. त्यांच्या अंगच्या स्थूलपणाचा उल्लेख चरित्रकार करतात, आणि कडक उपवासांनी त्यांनी तो झडवलाही होता. इग्नेशियसांनी त्यांना काय सांगावे? शाबासकी नव्हे. उपवास कमी करा, पोटाला सोसेल ते अन्न घ्या, देह देवाचा आहे आणि त्याचा जाब द्यायचा आहे, तो दुबळा करू नका, अशा आशयाचा सल्ला त्यांनी दिला. आपल्या ग्रंथात जेवणाविषयी जे नियम त्यांनी घालून दिले, त्यांतही कमी खाण्याची कसोटी ठेवली आहे ती अंगातील शक्तीची: साधनेला बळ पुरेनासे झाले, तर समजावे की आपण योग्य मर्यादेच्या खाली गेलो. काट्यावरचा आकडा नाही, बळ. ही कसोटी आम्हाला पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती देण्यासारखी वाटते. जिना चढताना दम कमी लागतो का? झोप शांत येते का? वर्गात डोके चालते का? उत्तर ‘हो’ असेल, तर काटा काहीही म्हणो.

पण मुलाचा हेतू शुद्ध नसला तर? त्याला आरोग्याशी कर्तव्य नाही, स्नेहसंमेलनात चांगले दिसायचे आहे. तिला वर्गातल्या कोणाला तरी दाखवून द्यायचे आहे. अशा वेळी कपाळाला आठ्या घालणाऱ्या पालकांना आम्ही ट्रेंटच्या धर्मपरिषदेची आठवण देऊ. १५५१च्या सत्रात पश्चात्तापाचा विचार करताना तिने अपूर्ण पश्चात्तापालाही दार उघडे ठेवले. देवावरील निर्मळ प्रीतीने झालेला पश्चात्ताप सर्वांत श्रेष्ठ. पण कोणी केवळ पापाच्या घाणीची शिसारी येऊन, शिक्षेच्या भीतीने वळला, तरी त्याला हाकलू नका, त्याचाही उपयोग होतो. माणसाच्या स्वभावाची केवढी जाण! पंधराव्या वर्षी पूर्ण शुद्ध हेतू मागणे म्हणजे महापरिषदेहूनही कडक होणे. दिसण्यासाठी सुरू झालेले धावणे पुढे धावण्यासाठी होते, मैत्रीसाठी होते, असे कितीदा घडते.

मात्र त्या परिषदेने एक अट घातली होती, आणि आमच्या सर्व विवेचनाचा खिळा तेथे आहे. त्या अपूर्ण पश्चात्तापात क्षमेची आशा असली पाहिजे. भीती चालेल, निराशा चालणार नाही. हीच अट व्यायामाला लावून पाहावी. जे मूल जरा ओशाळून का होईना, पण आपण मुळात ठीकच आहोत आणि आणखी ठीक होऊ अशा आशेने मैदानावर जाते, त्याचा हेतू कच्चा असला तरी पिकेल. जे मूल, आठ किलो उतरल्याशिवाय आपल्याला कोणी आपले म्हणणार नाही, अशा समजुतीने जाते, त्याला आठ किलो उतरल्यावर आणखी चार दिसतात. काट्याजवळ क्षमा नसते. ती फक्त माणसांजवळ असते, आणि ती आधीच दिलेली आहे हे मुलाला कळावे लागते. वजन उतरल्यावर करायच्या कौतुकाने ते कळत नाही, उलट आजवरचे प्रेम उसने होते असे त्याला वाटू लागते.

उपवासकाळात हा प्रश्न आपल्या घरांत आणखी एका वेषात येतो. राखेच्या बुधवारपासून मुलगी पोळी सोडते, दुपारचा डबा परत आणते, आणि विचारले तर म्हणते, ‘उपवास आहे’. घरच्यांना अभिमान वाटतो, वजनही उतरते, एका दगडात दोन पक्षी! येथे ख्रिस्तसभेचा स्वतःचा नियम काय आहे, तो पाहावा. १९८३च्या धर्मविधिसंहितेनुसार मांसवर्ज्याचा नियम चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांना लागू होतो, पण उपवासाचा नियम अठरा वर्षे पूर्ण झाल्यावरच लागतो आणि साठीला लागताच सुटतो. वाढत्या देहावर ख्रिस्तसभेने उपवास लादलेला नाही. त्याच नियमात, अल्पवयीनांना प्रायश्चित्ताचा खरा अर्थ शिकवण्याची जबाबदारी धर्मगुरूंबरोबर आईवडिलांवर ठेवलेली आहे. म्हणजे मुलीचा डबा परत आला, तर आधी शिकायचे आहे ते आपल्याला. सोडलेली पोळी दुसऱ्या कोणाच्या ताटात पडली का, एवढा साधा प्रश्न विचारला तरी उपवास आणि वजनाचा नेम हे दोन निराळे धागे सुटे होतात. दोन्ही आपापल्या जागी चालतील. एकाला दुसऱ्याचा अंगरखा घालू नये. सिएनाच्या संत कॅथरीन अन्न जवळजवळ टाकूनच जगल्या आणि १३८० साली तेहतिसाव्या वर्षी गेल्या. ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हटले, धर्मपंडिता म्हटले. त्यांचे न जेवणे मात्र कोणालाही कित्ता म्हणून दिले नाही.

आता थोडे व्यवहाराचे. मुलींच्या अंगावर वयात येताना चरबी चढते ती निसर्गाने घातलेली असते. ती ओरबाडून काढू पाहणाऱ्या मुलीची पाळी थांबू शकते आणि हाडे कच्ची राहू शकतात, आणि हाडे भरण्याचे वय पुन्हा येत नाही. वाढत्या मुलाचे वजन उतरायलाच पाहिजे असेही नाही. वजन तेथेच राहिले आणि उंची वाढली तरी काम होते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दररोज सरासरी साठ मिनिटांची दमवणारी हालचाल सांगितली आहे, बारीक मुलांसाठीसुद्धा. ज्या मुलाचे वजन खरोखर काळजी करण्याइतके आहे, त्याला बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे. शेजारच्या जिममधील डबे आणि पावडरी मुळीच आणू नयेत. जेवल्यावर मूल दर वेळी न्हाणीघरात कडी लावून बसत असेल, दिवसातून चारदा काट्यावर चढत असेल, सणाला घरच्यांबरोबर जेवायचे टाळत असेल, तर ती शिस्त नव्हे, आजार आहे. तेव्हा ओरडू नये, डॉक्टर गाठावा.

आणि मुलींच्या जागेचे काय? ‘वजन कमी कर’ असे सांगणारे गाव मुलीला पळायला जागा देते का? मुलगा पहाटे अर्ध्या चड्डीत मैदानावर गेला तर कोणी मान वळवत नाही. मुलगी गेली, तर तिच्या जाडीवर, कपड्यांवर आणि एकटेपणावर तिन्ही बाजूंनी बोलले जाते, आणि आठवड्याभरात ती गच्चीवर दोरीच्या उड्या मारू लागते. खालच्या मजल्यावरून तक्रार आली की तेही बंद. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीपलीकडे जातो, तेव्हा पहाटेखेरीज वेळ उरत नाही, आणि पहाटेच तिला सोबत लागते. चर्चच्या आवारात रविवारच्या मिस्सेची दोन तासांची गर्दी सोडली तर आठवडाभर मोकळी जागा असते. तेथे रोज सकाळी साडेपाच ते साडेसहा फाटक उघडे ठेवायला, एक जाळे बांधून ठेवायला, आणि युवक-युवतींबरोबर दोन आया व दोन बाप पाळीपाळीने उभे राहायला कितीसा खर्च येणार आहे? बापांनी उभे राहण्याऐवजी खेळलेच, तर आणखी बरे. त्यांच्याही पोटांना त्याची गरज आहे, आणि धापा टाकणाऱ्या बापाशेजारी पळताना कोणत्याही मुलीला आपण एकट्याच सुटलो आहोत असे वाटायचे नाही.